जांभळा खडू

गेल्या रविवारी वडोदऱ्यात आमच्या चित्रकलेच्या निवृत्त सरांना घेऊन मी गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात गेले होते. नंदलाल बोस यांचे तिथले ‘गंगावतरण’ हे भित्तिचित्र सरांनी आम्हाला आठवीत असताना दाखवले होते आणि ते पुन्हा एकदा पाहावे, अशी त्यांची फार इच्छा होती. परतताना सूरसागर तलावाजवळ उन्हाने चक्कर येऊन सर रस्त्यावरच कोसळले आणि मला काहीच सुचेना.

उसाच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या एका बेननी धावत येऊन त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि ओढणीचे टोक भिजवून कपाळावर धरले. एका रिक्षावाल्या भाईंनी त्यांना उचलून दवाखान्यात नेले, सलाईन संपेपर्यंत ते बाहेर थांबले आणि भाडे मात्र घेतले नाही.

सरांच्या खिशात आजही रंगीत खडू असतात; दोन्ही हातांनी एकाच वेळी फळ्यावर मोर काढणारे आमचे सर ते! पडताना सांडलेले सगळे खडू एका शाळकरी मुलाने वेचून, रुमालात बांधून रिक्षा निघण्यापूर्वी माझ्या हाती दिले होते. शुद्धीवर आल्यावर सरांनी पहिली चौकशी जांभळ्या खडूचीच केली आणि तो रुमालात होता.

सर आता घरी आहेत, बरे आहेत. गडबडीत आपणा तिघांची नावे विचारायची राहिली, म्हणून हे जाहीर आभार. बाळा, तुझा रुमाल धुऊन ठेवला आहे.