ओस्ट्रॉमबाई आणि आपली रापण

मालवण,
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो होतो, आता दिवाळी तोंडावर आली. शिव्या घाल, पण पत्र पुरतं वाच. गुडघा तसाच, साखर ताब्यात, ही बरी आहे.

परवा शाळेने मला नोबेलवर बोलायला उभं केलं. ऑक्टोबरात बक्षिसं जाहीर झाली की दरवर्षी कोणीतरी बकरा लागतोच. डायनामाइट, १८९५ चं मृत्युपत्र, १९०१ ची पहिली बक्षिसं, शांततेचं तेवढं ओस्लोत, हे भराभर उरकलं. गांधीजींना कधीच मिळालं नाही आणि १९४८ साली 'लायक असा हयात माणूस नाही' म्हणून शांततेचं कोणालाच दिलं नाही, यावर पोरं चिडली. अर्थशास्त्रावर आलो तसा तुझा आवाज कानात: "ते नोबेल नव्हेच, मृत्युपत्रात दाखव!" नाहीये बाबा. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ साली सुरू केलं. घे लेखी कबुली, फ्रेम करून लाव.

पण मग २००९ साली रात्री फोनवर कोण ओरडलं होतं, "मेल्या, तुझ्या बापाशीक नोबेल गावला" म्हणून?

पोरांना तेच सांगितलं. एलिनॉर ओस्ट्रॉम, अर्थशास्त्राचं बक्षीस मिळालेली पहिली बाई, आणि शिकलेली राज्यशास्त्र! सामायिक कुरण, पाणी, मासे लोक ओरबाडून संपवणारच, तिथे सरकार नाहीतर मालक हवा, असं पंडित धरून चालले होते. बाईंनी जिथे लोक स्वतः नियम करून नीट राहतात अशी गावं दाखवली. तुर्कस्तानात अलान्याचे मच्छीमार सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून जागा ठरवायचे, मग रोज एक जागा पूर्वेला सरकायचे, जानेवारीपासून पश्चिमेला. चांगली जागा सगळ्यांना मिळायची. रापण म्हणजे तरी काय, सगळ्यांनी मिळून दोरांनी जाळं किनाऱ्यावर ओढायचं आणि मासळीचे वाटे करायचे; त्या घरातल्या पोरांना हे समजवावं लागलंच नाही.

मागून एक पोरगी उठली. "सर, त्यांका बक्षीस गावल्यावर मासळी वाढली काय?"

सगळे हसले, मीही. उत्तर नव्हतं. आणि त्यात घरचं असं, जे इथे कोणाला सांगता येत नाही. धाकट्या भावाचा मुलगा, तुझ्या शर्टात जिवंत कुर्ली सोडणारा, पर्ससीनच्या बोटीवर लागला. थव्याला वेढा घालून खालून तोंड आवळणारं जाळं, ज्याच्या नावाने आम्ही इतकी वर्षं बोटं मोडतो. ओरडलो त्याच्यावर. शांतपणे म्हणाला, "काका, रापणीक चार चार दिवस काय एक गावना नाय. हयसर पगार मिळता. तुमीय पगारच घेतलास ना?"

बोल यावर. बाविसाव्या वर्षी दोर सोडून मास्तर झालो तेव्हा बाबा काही बोलले नव्हते. वर्षभर माझा वाटा मात्र काढून ठेवत होते, हे मला ते गेल्यावर आईकडून कळलं. तुला सांगितलं होतं का कधी? नसणार.

लेकीचं जमलं का? घराचा स्लॅब पडला असेल. वहिनींना नमस्कार.

आज पहाटे रापणीवर गेलो, दोर धरला. दहा मिनिटांत गुडघा बोलला, तरी सोडला नाही. लहानसा वाटा मिळाला, सात बांगडे. पुतण्याच्या घरी चार देऊन आलो. तो बोटीवर होता.

तुझा,
मास्तर