विकास मूल्यमापनाच्या चुकीच्या अहवालाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : मुलीच्या अहवालातील चुका दुरुस्त करून मिळणे, मूळ गुणपत्रके मिळणे व थेरपी पॅकेजची आगाऊ रक्कम परत मिळणे याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या पुण्यातील केंद्राने आमच्या मुलीच्या अहवालात दोन गोष्टी ठळक अक्षरांत छापल्या आहेत : 'डीक्यू 68, विकासात लक्षणीय विलंब' आणि 'ऑटिझमचा उच्च धोका'. (डीक्यू म्हणजे विकास गुणांक : मानसिक वय भागिले वय, गुणिले 100.) मुलगी बोलण्यात मागे आहे, हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच तर तिला आणले. निष्कर्ष कडू आहे म्हणून हे पत्र लिहीत नाही. तो ज्या आकड्यांवर उभा आहे, ते आकडेच चुकले आहेत.

पहिली चूक वयाची. मुलगी 32व्या आठवड्यात जन्मली. एनआयसीयूचे (नवजात अतिदक्षता विभागाचे) डिस्चार्ज कार्ड फाइलमध्ये लावलेले होते, आपल्या फॉर्मवरही तसे लिहिले होते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचे मूल्यमापन दोन वर्षांपर्यंत करेक्टेड वयावर, म्हणजे जितके आठवडे आधी जन्मले तितके वयातून वजा करून, करतात. म्हणजे पूर्ण मुदतीच्या 40 मधून 32 वजा, 8 आठवडे, साधारण 1 महिना 26 दिवस. चाचणीच्या दिवशी तिचे कॅलेंडरचे वय 22 महिने 4 दिवस होते, तर करेक्टेड वय 20 महिने 8 दिवस. आपण काढलेले मानसिक वय 15 महिने आहे. ते 22.1 ने भागले तर डीक्यू 68 येतो, 20.3 ने भागले तर 74. विलंबाची रेघ साधारणपणे 70 वर ओढली जाते. तेव्हा हा फरक निव्वळ दशांशाचा नाही. मूल रेघेच्या कोणत्या बाजूला पडते, ते त्यावर ठरते.

आता ते 15 महिने तरी कसे आले? चाचणी डीएएसआयआय, म्हणजे भारतीय बाळांच्या विकासाची, बडोदा नॉर्म्सची. तिच्यात मोटर विभागात 67 आणि मेंटल विभागात 163 आयटम आहेत. सगळे घ्यायचे नसतात, पण मूल सलग कुठपर्यंत पास होते आणि कुठून सलग अडते, या दोन्ही टोकांपर्यंत जावे लागते. आपल्याकडे दोन्ही विभाग मिळून 25 मिनिटांत उरकले, तेही दुपारी अडीचला, तिच्या झोपेच्या वेळी, आणि आईला बाहेर बसवून. या वयाचे मूल अनोळखी खोलीत एकटे बसवले की रडते, आणि रडणाऱ्या मुलाने ठोकळे रचले नाहीत तर ते 'येत नाही' म्हणून मोजायचे नसते. मेंटल विभागातले दहा क्लस्टर (स्मरण, अनुकरण, शब्दसंग्रह व आकलन, हस्तकौशल्य वगैरे) वेगळे दाखवायला हवे होते. ती कशात मागे आहे आणि कशात नाही, ते त्यावरूनच कळते. अहवालात फक्त एकूण आकडा आहे.

शब्दांचे तर विचारूच नका. अहवालात लिहिले आहे, 'अर्थपूर्ण शब्द : 1'. चित्रे दाखवून तिला 'बॉल कुठे आहे', 'डॉगी दाखव' असे विचारले गेले. आमच्या घरी चेंडू असतो आणि भूभू असतो. चिऊ, माऊ, भुर्र, मम्मं हे शब्द ती त्या त्या गोष्टीसाठी, न चुकता वापरते. उच्चार मोठ्यांसारखा नसला तरी ठरावीक अर्थाने वापरलेला शब्द हा शब्दच धरतात, हे आपल्या स्पीच थेरपिस्टना माहीत असणार. घरची भाषा कोणती, हा रकाना अहवालात कोरा आहे.

कानांबद्दल 'श्रवण सामान्य' असा शेरा आहे, आधार मागे उभे राहून वाजवलेली टाळी. टाळीच्या वाऱ्याने किंवा सावलीनेही मूल वळते. ही मुलगी एनआयसीयूत तीन आठवडे होती. अशा बाळांसाठी जन्मानंतरची ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी चाचणी) पुरेशी धरत नाहीत, बेरा (श्रवणनसेचा मेंदूकडे जाणारा प्रतिसाद पाहणारी चाचणी) लागते, कारण श्रवणनसेचा दोष ओएईत सुटू शकतो. कानात पाणी साचले असेल तर टिम्पॅनोमेट्रीत कळते. बोलण्याच्या विलंबावर शेरा मारण्याआधी या दोन्ही चाचण्या सुचवायला हव्या होत्या.

सर्वांत गंभीर चूक एम-चॅटची आहे. ही 16 ते 30 महिन्यांसाठीची 20 प्रश्नांची ऑटिझमची चाळणी आहे, निदान नव्हे. त्यात 17 प्रश्नांना 'नाही' हे उत्तर धोक्याचे, पण 2, 5 आणि 12 या तिघांना 'हो' धोक्याचे : मूल बहिरे आहे अशी शंका आली का, डोळ्यांजवळ बोटांच्या विचित्र हालचाली करते का, रोजच्या आवाजांनी बेचैन होते का. आम्ही तिन्हींना 'नाही' लिहिले आणि आपल्या टॅबने तिन्हींचा एकेक गुण लावला. म्हणून 6 आले. खरे 3 आहेत. बरे, 6 जरी धरले तरी 'उच्च धोका' 8 पासून सुरू होतो. 3 ते 7 हा मध्यम गट. त्यात अडलेल्या प्रश्नांवर पालकांची सविस्तर फेरमुलाखत घ्यायची असते आणि तीनंतर 2 किंवा जास्त गुण उरले तरच पुढच्या तपासणीला पाठवायचे असते. ती मुलाखत झालीच नाही.

चौथ्या पानावर तिचा उल्लेख 'तो' असा आहे आणि 'वर्गात पुढच्या बाकावर बसवावे' अशी सूचना आहे. दोन वर्षेही न झालेल्या मुलीला कुठल्या बाकावर बसवायचे? हे पान दुसऱ्या कोणाच्या अहवालातून आलेले दिसते. तसे असेल तर त्या मुलाच्या पालकांनाही कळवा.

अहवाल हातात पडला त्याच अर्ध्या तासात 72 सत्रांचे पॅकेज, प्रत्येकी 950 रुपये, एकूण 68,400 रुपये आगाऊ भरून घेतले. उद्दिष्टे काय, तर 'लक्ष वाढवणे' आणि 'बोलणे सुधारणे'. 'हाक मारल्यावर 5 पैकी 4 वेळा वळून पाहणे' असे काही लिहिले असते तर तीन महिन्यांनी मोजता आले असते. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी व उपचार मोफत मिळतात, हेही कोणी सांगितले नाही.

आमच्या मागण्या अशा. डीएएसआयआय व एम-चॅटची भरलेली मूळ गुणपत्रके 7 दिवसांत द्यावीत. चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचा व स्पीच थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक अहवालावर हवा, तो रकानाही कोरा आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा क्रमांक राज्य परिषदेचा चालेल, ते आरसीआयखाली येत नाहीत. फेरचाचणी सकाळच्या वेळी, मराठीत, आई समोर असताना, करेक्टेड वयावर आणि विनामूल्य करावी. जुना अहवाल लेखी रद्द करावा. हा कागद उद्या प्लेग्रुपमध्ये आणि विमा कंपनीकडेही जाईल. एकही सत्र झालेले नाही, म्हणून 68,400 रुपये संपूर्ण परत करावेत. थेरपी आम्ही थांबवत नाही, ती दुसरीकडे सुरू करत आहोत.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आपली,
(सही)
मुलीची आई

सोबत : अहवालाची प्रत (चौथ्या पानावर खुणा केल्या आहेत), एनआयसीयू डिस्चार्ज कार्ड, पैसे भरल्याची पावती, एम-चॅटच्या उत्तरांचा टॅबवरून घेतलेला फोटो.