पाऊणकीतला दर्या आणि चौकातली देवी

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

डहाणूच्या किनाऱ्यावर मी गणित शिकवतो. माझ्या आजोबांनी शाळा पाहिली नव्हती. तिथी विचारून ते बोटांच्या पेरांवर तिची पाऊणपट करायचे आणि भरतीची वेळ सांगायचे. हीच पाऊणकी. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. मग दर्याला हात जोडून होडी लोटायची. हिशेब आणि हात जोडणं ही त्यांच्या लेखी दोन कामं नव्हतीच.

हे मी सातवीच्या वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "गुरुजी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पण पुनवेची भरती तर बाराच्या सुमाराला येते. पाऊण तास गेला कुठे?" त्या दिवशी धडा बाजूला राहिला. भरती तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं पुढे सरकते, पाऊणकी ४५ धरते. तीन-तीन मिनिटं पंधरा तिथींत साठतात आणि नव्या पक्षात मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणून चूक वाढत जात नाही. हे मुलांनी स्वतः शोधलं.

ब्राझीलचे गणितज्ञ उबिरातान द'आंब्रोसियो यांनी १९८४ साली ॲडलेडच्या जागतिक परिषदेत हेच मांडलं होतं, की प्रत्येक समाजाचं गणित त्याच्या जगण्यातून घडतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही स्थानिक आणि आदिवासी ज्ञानाचा उल्लेख आहे. अडतं ते पुढे. एका प्रशिक्षणात मिळालेल्या कार्यपत्रिकेवर वारली लग्नचौक, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र, होता आणि खाली 'त्रिकोण मोजा'. मी ती वर्गात वाटली. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याची आई कागद घेऊन आली. "चौक आहे, पालघट कुठंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या पालघट देवीसाठी चौक लिहितात, तिलाच कुणीतरी खोडून टाकलं होतं.

साहेब, धर्म शिकवा असं माझं म्हणणं नाही. पण लोकांची श्रद्धा सोलून फक्त आकृत्या उचलणारं संशोधन अर्धवट राहतं आणि त्यांचा अपमानही करतं. जिल्हा शिक्षण संस्थांनी असे पाठ करताना चौक लिहिणाऱ्या सवाष्णी, लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या धवलेऱ्या आणि होडी चालवणारे जुने तांडेल यांना मानधन देऊन सोबत बसवावं. काय छापायचं आणि काय घरातच ठेवायचं, हे त्यांनी ठरवावं. पाठावर त्यांची नावं असावीत. येत्या नारळी पौर्णिमेपूर्वी एका तालुक्यात तरी हे सुरू व्हावं. आमचा डहाणू तयार आहे.

आपला,
किनाऱ्यावरचा एक गणितशिक्षक