शिकाऊ उमेदवारीनंतर काय?

आयटीआयच्या जागा वाढवण्याबाबतची बातमी आपल्या अंकात वाचली. जागा वाढाव्यातच, पण खरी अडचण प्रमाणपत्र हातात पडल्यावर सुरू होते. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्यांना पुढे नोकरी देण्याचे बंधन मात्र नाही. माझ्या शेजारी सुरगाण्याचे तीन फिटर एका खोलीत राहतात. अंबडच्या कारखान्यात उमेदवारी संपली आणि तिघेही कंत्राटदाराकडे, पुन्हा नवखे म्हणून! खोलीभाडे आणि खानावळ भागवून घरी पाठवायला काही उरत नाही. उमेदवारी पूर्ण केलेल्यांना भरतीत प्राधान्य आणि कुशल कामगाराचेच वेतन मिळावे.

– एक निवृत्त शिल्प निदेशक, सिडको, नाशिक