मुदत संपते त्या दिवशी हिशेब कोणी मागायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या आणि ‘आता वर्षभरात ग्रॅच्युइटी’ हे वाक्य जो तो एकमेकांना पाठवू लागला. कायम नोकरीत असलेल्या कित्येकांचाही त्यावरून गैरसमज झाला. त्यांची पाच वर्षांची अट तशीच आहे. एका वर्षाची सवलत आहे ती ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर घेतलेल्यांना. माझी उभी नोकरी आस्थापना शाखेत गेली. नेमणुकीचे, मुदतवाढीचे, कार्यमुक्तीचे आदेश तयार करणे हेच काम. म्हणून या चर्चेत न आलेली एक गोष्ट लिहितो. कंत्राटी माणसाच्या पदरात जे काही पडायचे ते बहुतेक करार संपताना पडायचे असते, आणि नेमके त्याच वेळी ते मागण्याची त्याची छाती होत नाही, कारण त्याची नजर पुढच्या ऑर्डरवर असते.

मुदत महिनाअखेरीस संपणार असते. ऑर्डर पुन्हा निघेल का, असे विचारले की ‘फाइल वर गेली आहे’ एवढेच उत्तर मिळते. माणूस रोज कामावर येत राहतो. मुदत संपल्यावरही येतो, कारण ‘येत राहा, बघू’ असे तोंडी सांगितलेले असते. मग केव्हा तरी मागच्या तारखेची ऑर्डर हातात पडते, किंवा पडत नाही. पडली तर सोबत एक छापील कागद असतो: मागील कालावधीचे सर्व देय मिळाले, माझी कोणतीही तक्रार नाही. ओव्हरटाइम राहिलेला असो, शिल्लक रजेचे पैसे राहिलेले असोत, खाली सही होते. तिथे वाद घालणारा मी क्वचितच पाहिला.

कायदा या प्रसंगाकडे कसा पाहतो? औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात कामगारकपात करायची तर वर्षभर सलग सेवा झालेल्याला महिन्याची नोटीस आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागे. १९८४ मध्ये कलम २(ओओ) मध्ये, म्हणजे ‘कपाती’च्या व्याख्येत, (बीबी) हे उपकलम घातले गेले आणि कराराचे नूतनीकरण न होणे हे ‘कपाती’तून वगळले गेले. नोटीस नको, भरपाई नको, कारण सांगणेही नको. नव्या औद्योगिक संबंध संहितेने तीच रेघ पुढे ओढली आहे. त्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम एका कौशल्य निधीत भरायची आहे. मुदत संपून घरी गेलेल्याची कपात झालेलीच नसते, तेव्हा तो निधीही त्याचा नाही. वेतन संहितेत शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत देण्याचे बंधन आहे. पण तिथे कोणकोणते प्रसंग लिहिले आहेत ते पाहा: कामावरून काढणे, बडतर्फी, कपात, राजीनामा, आस्थापना बंद पडणे. मुदत संपणे त्या यादीत नाही. म्हणजे आपण होऊन राजीनामा देणाऱ्याला दोन दिवसांत पैसे मिळण्याचा नाव घेऊन दिलेला हक्क आहे, आणि ज्याची ऑर्डर पुढे निघाली नाही त्याने ‘मी यात बसतो का’ म्हणून वाद घालत बसायचे.

हे सगळीकडे असेच असते असे नाही. ब्रिटनमध्ये मुदतीचा करार नूतनीकरणाविना संपला तर तो कायद्याने ‘कामावरून काढणे’च मानला जातो, आणि लागोपाठच्या करारांवर चार वर्षे झाली की, मालकाकडे सबळ कारण नसेल तर, माणूस कायम समजला जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारात तर संरक्षण टाळण्यासाठी मुदतीचे करार वापरले जाऊ नयेत म्हणून तजवीज करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही.

आता एक दिवसाच्या ‘ब्रेक’बद्दल. अकरा महिने झाले की एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, ही युक्ती इतकी रुळली आहे की ती नियमातच आहे असे दोन्ही बाजूंना वाटते. वास्तविक जुन्या कायद्यात सलग सेवा म्हणजे मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम. एका दिवसाच्या खंडाने ते गणित मोडत नाही, शिवाय कामगाराच्या चुकीविना पडलेला खंड सेवेत मोजायचा असतो. वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते म्हणून राबवून कायमपणाचे फायदे नाकारणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा ठरवलेली आहे, चौथ्या अनुसूचीत. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका दूरसंचार प्रकरणात सांगितले होते की ‘मुदत संपणे म्हणजे कपात नव्हे’ या (बीबी)च्या अपवादाचा फायदा हवा असेल तर, काम खरोखर तात्पुरत्या योजनेचे होते आणि नेमताना कामगाराला तसे सांगितले होते, हे मालकाने सिद्ध करावे. हे सगळे आहे. पण ते वापरायचे तर कोर्टात जावे लागते, आणि कोर्टात गेलेल्याची पुढची ऑर्डर कोण काढणार?

सरकारी कंत्राटींची गोष्ट आणखी अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालानंतर ‘तुम्हाला कायम होण्याचा हक्क नाही’ हे एक वाक्य प्रत्येक अर्जावर शेरा म्हणून उमटत गेले. त्याच निकालात मंजूर पदांवर दहा वर्षे काम केलेल्यांचा एकवेळ विचार करावा असेही लिहिले होते, ते मात्र सोयीने विसरले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, दीर्घकाळ नियमित स्वरूपाचे काम करून घेतल्यावर उमादेवी निकालाची ढाल पुढे करता येणार नाही, असे खडसावले. चांगले झाले, पण कोर्टापर्यंत पोचलेल्यांचेच झाले.

ठेकेदारामार्फत लागलेल्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे, की ठेका संपून ठेकेदार पसार झाला तर थकलेल्या पगाराची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ते होते, नव्या संहितेतही आहे. मागितल्यास अनुभवाचा दाखला देणे ठेकेदारावर बंधनकारक आहे. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन भरता येते. त्यासाठी कोणाच्या टेबलाशी ताटकळायला नको. आणि ज्यांना ‘सल्लागार’ म्हणून पगाराऐवजी शुल्क दिले जाते, त्यांनी कागदावरच्या नावाला फार भिऊ नये. वेळ, जागा आणि कामाची पद्धत मालकच ठरवत असेल, तर नाते नोकरीचेच आहे, असे न्यायालये मानू शकतात.

बाळंतपणाच्या रजेबाबत मात्र निर्णय स्वच्छ आहे. करार रजेच्या मध्येच संपला म्हणून लाभ थांबवता येत नाहीत, पूर्ण काळाचे द्यावे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. तरीही पोट दिसू लागले की मुदतवाढ अडते, हे कोणत्याही आस्थापना शाखेत विचारा. उघड कोणी लिहीत नाही, टिप्पणीत फक्त ‘आवश्यकता नाही’ एवढेच येते.

माझे म्हणणे असे की हक्क वाढवण्याआधी ते मागायला लावणे बंद करा. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात ही सोय होती, नव्या संहितेतही आहे: कामगाराने अर्ज केलेला असो वा नसो, मालकाने स्वतःहून रक्कम काढायची, लेखी कळवायची, तीस दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासकट. हाच नियम मुदत संपताना निघणाऱ्या प्रत्येक पैशाला लावा. ऑर्डर पुन्हा निघो वा न निघो, दर करारअखेरीस हिशेबाचा कागद मालकानेच द्यावा, आणि ‘तक्रार नाही’ या कागदावरची सही नव्या नेमणुकीची अट करता येऊ नये. मुदतवाढ देणार की नाही, हे तीस दिवस आधी लेखी कळवावे. न कळवल्यास तेवढ्या दिवसांचा पगार द्यावा. मालकांची अडचण मला कळते. निधी येईल की नाही, काम मिळेल की नाही, हे त्यांनाही शेवटपर्यंत ठाऊक नसते. पण मग त्या अनिश्चिततेचा सगळा भार सर्वांत कमी पगाराच्या माणसानेच का उचलायचा?

ही तरतूद स्थायी आदेशांत, म्हणजे आस्थापनेच्या नोकरीच्या अटींच्या नियमावलीत, घालून भागणार नाही. केंद्रीय कायद्यात पूर्वी ते १०० कामगारांच्या आस्थापनेला लागू होते, आता संहितेने ती मर्यादा ३०० वर नेली आहे. कंत्राटी माणसे जिथे खच्चून भरलेली असतात त्या कितीतरी जागा त्याखाली आहेत. वेतन संहितेतील त्या यादीत ‘मुदत संपणे’ हे दोन शब्द घालणे हे यातले सर्वांत सोपे काम. आपल्या दैनिकाने कामगारमंत्र्यांना निदान तेवढा प्रश्न विचारावा, ही विनंती.

आपला,
आस्थापना शाखेतील एक निवृत्त कर्मचारी