टाकी बुजवायची नाही

पुणे, ४ जानेवारी

ती. बाबा व सौ. आईस,
शि. सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि आई, तू लगेच विचारतेस, "जेवलीस का?" म्हणून लिहायला बसले. मुद्द्याचं आधीच सांगते. तुम्ही बुजवून टाका म्हणालात, पण नागावच्या घरची आपली पोहण्याची टाकी बुजवायची नाही. मिस्त्रींना मी ५० हजार आगाऊ दिले आहेत. संक्रांत झाली की २० तारखेला काम सुरू होईल.

तुम्हाला न विचारता ठरवलं, हे मला कळतंय. बाबा, तुम्ही रागावणार. रागवा, पण पत्र पुरतं वाचून मग.

नाताळात आले होते तेव्हा मी दुसऱ्या पायरीवर पाण्याची बादली का ठेवली होती, असं आईने दोनदा विचारलं. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. बादलीतलं आणि टाकीतलं पाणी एकाच पातळीला आणून दोन्हीकडे खूण केली, पंप बंद ठेवला आणि बरोब्बर २४ तासांनी मोजलं. ऊन-वारा दोन्हीला सारखाच. बादलीतलं पाणी ५ मिलिमीटर उतरलं, टाकीतलं ३७. म्हणजे ३२ मिलिमीटरची गळती. आपली टाकी ३० बाय १५ फूट, तेव्हा दिवसाला साधारण १,३०० लिटर पाणी जमिनीत जातंय. महिन्याला ४० हजार लिटर! बाबा, तुम्ही रोज सकाळी विहिरीची मोटर लावून "उन्हाने कमी होतं" म्हणता, ते उन्हाने होत नव्हतं. आणि त्या पाण्याबरोबर तुम्ही घातलेलं क्लोरीनही जात होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं देवळात गेलात तेव्हा मी पाण्यात उतरले. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये निळी शाई भरली आणि काठाकाठाने थोडी थोडी सोडत गेले. सगळीकडे शाई ढगासारखी जागच्या जागी तरंगत राहिली. स्किमरच्या, म्हणजे वरवरचा पालापाचोळा ओढून घेणाऱ्या काठच्या खिडकीच्या, तोंडाशी मात्र एक बारीक निळा दोरा झाला आणि फटीत ओढला गेला. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. निसर्ग वादळात माड पडला तो याच कोपऱ्यावर. तेव्हा आपण वरचे दगड बसवून घेतले, पण आतला सांधा कुणी उघडूनच पाहिला नाही. बाबा, टाकी म्हातारी झालेली नाही, एका जागी दुखावलेली आहे.

आता पैशांचं. पहिला माणूस आला होता त्याने सगळ्या टाइल्स उखडून नव्याने करायचे साडेनऊ लाख सांगितले, आणि तिथेच तुमचं मन उडालं. मी आणि नवे मिस्त्री मिळून एकेक टाइल नाण्याने वाजवून पाहिली. जी पोकळ वाजली तिच्यावर खडूने फुली. सगळं मिळून १२० चौरस फूट निघालं, बाकीच्या टाइल्स घट्ट आहेत. तेवढ्याच काढायच्या. खाली सळई गंजली असेल तिथलं सैल काँक्रीट फोडायचं, सळई घासून गंजरोधक लावायचं, मग पॉलिमरचा मसाला. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात. टाइल्स बसवण्याआधी पाणी भरून तीन दिवस तसंच ठेवायचं आणि उतरतंय का ते बघायचं. याला मिस्त्री "कशाला, वेळ जातो" म्हणतील. बाबा, तुम्ही अजिबात मान डोलवायची नाही. ग्राउट फक्त टाइल्सच्या सांध्यांत, पण एपॉक्सीचं. ते महाग आहे, तिथे मी काटकसर करणार नाही.

काटकसर फरशीत केली. भोवतालची शहाबादी काढायची आणि तीच उलटी करून बसवायची. खालची बाजू खरबरीत आहे, जिथे नसेल तिथे पाट्याला टाके मारून घेतो तसे मारून घ्यायचे. उतार टाकीकडे नाही, वाडीकडे. पावसाचं पाणी साचून शेवाळ धरायचं ते धरणार नाही. नव्या लाद्या फक्त फुटलेल्यांच्या जागी. फिल्टरमधली वाळू बदलायची आहे, तळाच्या मोरीची तुटलेली चपटी जाळी काढून उंचवट्याची सुरक्षित जाळी बसवायची, आणि पाण्यातला तो जुना दिवा कायमचा काढून १२ व्होल्टचे दोन. या दिव्याची मला तीन वर्षं भीती वाटतेय. सगळं धरून ३ लाख ८० हजार. माझ्या बोनसमधून आणि एका एफडीतून. कर्ज नाही, जावयांना माहीत आहे, नातीच्या शिक्षणाच्या पैशाला हात लावलेला नाही. आणि बुजवणं फुकट नव्हतंच. २० ब्रास भराव लागला असता, तळाला भोकं पाडावी लागली असती, नाहीतर दर पावसाळ्यात तिथे चिखलाचं डबकं झालं असतं.

पण मी एवढी हट्टाला का पेटले ते खरं सांगू? बाबा, श्रावणात तुम्ही त्या फरशीवर पडलात आणि मनगटाला प्लास्टर आहे हे मला आठ दिवसांनी कळलं. तेही दादाकडून. तेव्हापासून रात्री जाग आली की मला ती ओली हिरवी फरशीच दिसते. आणि त्याआधीचा तो ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र झाल्याचा दिवस. आई, तू फोनवर नुसतं "खोकला लागलाय" म्हणालीस. तो खोकला नव्हता गं, तो क्लोरीनचा वायू होता.

बुजवून टाका म्हणालात तेव्हा तुमचा आवाज कसा झाला होता ते मी ऐकलंय. व्हीआरएसच्या पैशातून काय काय करता आलं असतं आणि तुम्ही काय केलंत, ते मला माहीत आहे. आजोबांच्या विहिरीत माझ्या पाठीला डबा बांधून तुम्ही मला सोडलं होतंत. मग एके दिवशी डबा काढला आणि पाठीखाली फक्त हात ठेवला. "आभाळाकडे बघ, मनू. मान सैल सोड. मी आहे." हात कधी काढलात ते मला अजून माहीत नाही. तो हात होता तशी जागा मला बुजवता येणार नाही, बाबा.

म्हणून आता ऐका. सहा आठवडे तुम्ही दोघांनी पुण्याला यायचं. धूळ, ॲसिडचा वास, दिवसभर कटरचा आवाज, यात तुम्ही तिथे राहायचं नाही. गाडी पाठवते. एसटीने पेण-खोपोलीवरून हलत यायचं नाही. खालच्या खोलीत पलंग आहे, बाथरूमला दांडा बसवून घेतला आहे, गरम पाण्याचा नळ उजवीकडे आहे. आई, तुझा चहा तू स्वतः करायचास, तिथे कुणी मध्ये येणार नाही. देव बरोबर आण. तुळशीला पाणी शेजारच्या वहिनी घालतील, मी बोलले आहे. बाबांना रोजचा पेपर सहाला दारात. ज्या पाहुण्यांची आपल्या खोल्यांसाठी बुकिंग होती त्या सगळ्यांना मी कळवलंय. शिमग्याच्या आत काम आवरलं की एप्रिल-मेचा हंगाम सुटणार नाही.

आणि आणखी एक, जरा अवघड. पुढे पंपाच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे राहील, पण आत जायचं ते वाडीत येणाऱ्या माणसाने. त्याला महिन्याला पगार मी देईन. बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्याने धुणं), पीएच, क्लोरीन हे त्याने करायचं आणि तुम्ही खुर्चीत बसून सांगायचं. तुमच्याइतकं पाणी नुसतं बघून ओळखणारा तिथे कुणी नाही, त्याला शिकवायला तुम्हीच हवे आहात. फक्त हे दोन नियम त्याला पाठ करून घ्या: ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. आणि क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका मापाने, एका हाताने कधीही नाही.

निघायच्या आधी दोन कामं. आजपासून टाकीत क्लोरीन घालू नका. आठ-दहा दिवस उन्हात राहिलं की ते पाणी माडांच्या आळ्यांत थोडं थोडं सोडता येईल. जवळजवळ ५७ हजार लिटर आहे, गटारात घालवायला जीव होत नाही. दुसरं त्याहून महत्त्वाचं. विहिरीत दोर सोडून पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजा. टाकीचा तळ साडेपाच फुटांवर आहे. जमिनीतलं पाणी त्याच्या वर असताना टाकी रिकामी केली तर खालचं पाणी तिला होडीसारखं उचलतं आणि सगळी टाकी तडकते. नागावला दिवाळीपर्यंत पाणी किती वर असतं ते तुम्हीच मला दाखवलंय. नऊ फुटांच्या खाली गेलं असेल तरच २० तारखेला सुरू करू. नसेल तर मिस्त्रींना थांबवते, ते मानतील.

बाबा, दोर तुम्ही धरायचा नाही. त्या माणसाला धरायला लावा, तुम्ही गाठी मोजा. चप्पल घालून, फरशीवरून न जाता, वाडीच्या बाजूने जा. आणि मोजमाप रात्री फोनवर सांगा, मी वही घेऊन बसते.

तुमची,
मनू