सारख्या दिसणाऱ्या दोन भाषांपैकी आधी एकच

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या करिअरविषयक पुरवणीत प्रोग्रामिंग भाषांवर अधूनमधून येणारे लेख मी आवर्जून वाचतो. नवशिक्यांना प्रोग्रामिंग शिकवणे हेच माझे गेल्या अनेक वर्षांचे काम असल्यामुळे, असे लेख वाचून विद्यार्थी कोणते प्रश्न घेऊन येतात, हेही मला जवळून दिसते. त्यांतला एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: पायथॉन शिकावी की रुबी? दोन्ही भाषा सोप्या म्हणून सांगितल्या जातात आणि दोन्ही एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून काही जण या पेचातून सुटण्यासाठी दोन्हींचा अभ्यास एकाच वेळी सुरू करतात. हा मार्ग नवशिक्याचे नुकसान करतो असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

या दोन भाषांतील साम्य खरे आहे. गिदो व्हान रॉसम यांची पायथॉन १९९१ मध्ये आणि युकिहिरो मात्सुमोतो यांची रुबी १९९५ मध्ये लोकांसमोर आली. दोन्हींत व्हेरिएबलचा, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या नावाचा, प्रकार (आकडा की मजकूर) आधी जाहीर करावा लागत नाही, वापरून झालेली मेमरी मोकळी करण्याची चिंता प्रोग्रामरला करावी लागत नाही, आणि एकेक ओळ लिहून तिचे उत्तर लगेच पाहता येते. अनुभवी माणसाला म्हणूनच एकीतून दुसरीत जाणे जड जात नाही. नवशिक्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण कोणता नियम सर्वच भाषांना लागू आहे आणि कोणता केवळ त्या एका भाषेपुरता आहे, हे ओळखण्याची नजर त्याला अजून आलेली नसते.

मराठी आणि हिंदी शेजारी ठेवून पाहिल्यास हे चटकन ध्यानात येते. 'शिक्षा' हा शब्द दोन्हीकडे आहे, लिहिलाही सारखाच जातो. पण हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण आणि मराठीत दंड. अनोळखी शब्द आपल्याला थांबवतो आणि विचारायला लावतो. ओळखीचा वाटणारा शब्द न विचारताच आपल्याला चुकीच्या अर्थाकडे घेऊन जातो. पायथॉन आणि रुबी यांच्यातही असेच आहे. पंधराला दोनने भागायला सांगितले, तर आजची पायथॉन साडेसात हे उत्तर देते आणि रुबी सात, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार रुबीत पूर्णांकच राहतो. भागाकाराचे चिन्ह तेच, ओळही तीच. गुणांची सरासरी काढणारा विद्यार्थी असा अर्धा गुण हरवून बसतो आणि आपले गणित कुठे चुकले ते शोधत राहतो. दुसरे उदाहरण शून्याचे. एखादी अट तपासताना पायथॉन शून्याला 'खोटे' मानते. रुबीत मात्र 'फॉल्स' (खोटे) आणि 'निल' (काहीच नाही) ही दोनच मूल्ये खोटी, त्यामुळे शून्य तिथे 'खरे' ठरते. शिल्लक संपली की थांबावा म्हणून लिहिलेला प्रोग्राम तिथे थांबतच नाही. तिसरे उदाहरण फंक्शनचे, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या सूचनांच्या गटाचे. रुबीतील फंक्शन शेवटच्या ओळीचे मूल्य आपोआप परत देते. पायथॉनमध्ये 'रिटर्न' लिहायचे राहिले, तर 'काहीच नाही' एवढे सांगणारे मूल्य हाती येते. चूक झाली त्या ओळीवर संगणक या तिन्ही ठिकाणी थांबत नाही, आणि नवशिक्याला सर्वांत जास्त खचवणारी चूक हीच, जी कुठे झाली हे कळत नाही.

याच कारणासाठी जुन्या पुस्तकांविषयीही सावध करावेसे वाटते. डिसेंबर २००८ मध्ये आलेली पायथॉनची तिसरी आवृत्ती मागच्या आवृत्तीशी पूर्णपणे जुळणारी नव्हती, आणि दुसऱ्या आवृत्तीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली. त्या जुन्या पायथॉनमध्ये वरच्या भागाकाराचे उत्तर सातच यायचे. म्हणजे एकच भाषा निवडूनही जुने पुस्तक हाती पडले, तर विद्यार्थी नकळत दोन भाषांत अडकतो.

मग निवड कशी करावी? मी विद्यार्थ्याला आधी विचारतो की तुला नेमके काय बनवायचे आहे. आकडेवारीचे विश्लेषण, वैज्ञानिक गणिते किंवा मशीन लर्निंग असे उत्तर आले, तर पायथॉन घ्यावी. नमपाय आणि पांडाज यांसारखी साधने तिथे आहेत आणि त्या क्षेत्रातील बहुतेक शिक्षणसाहित्यही तिच्यातच आहे. संकेतस्थळांमागची यंत्रणा उभारायची असेल, तर २००४ मध्ये आलेल्या रेल्स या रुबीतील तयार चौकटीमुळे रुबी आजही भक्कम पर्याय आहे. प्रोग्रामर आपला कोड जिथे साठवतात ते गिटहब हे संकेतस्थळ त्याच पायावर उभे राहिले. दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा: अडल्यावर तुझा कोड वाचून चूक दाखवील असे जवळ कोण आहे? घरातील किंवा ओळखीतील कुणी रुबी जाणत असेल, तर रुबीच शिकावी. ज्याच्याजवळ ध्येयही नाही आणि मदतनीसही नाही, त्याला मी पायथॉन सुचवतो. ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा तिच्या व्याकरणाचाच भाग आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून नीटनेटके लिहिण्याची सवय लागते. रुबी दुय्यम आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. प्रोग्रामरला काम करताना आनंद मिळावा हा मात्सुमोतो यांचा हेतू त्या भाषेत जागोजागी जाणवतो. 'पाच वेळा हे कर' ही सूचना तिच्यात जवळपास बोलल्यासारखी लिहिता येते, आणि ते पाहून विद्यार्थ्याचा चेहरा खुललेला मी पाहिला आहे.

माझी एक विद्यार्थिनी दर काही आठवड्यांनी भाषा बदलत होती. कुणीतरी दुसरीची स्तुती केली की पहिली वही मिटायची. तिची बुद्धी कुठेही कमी नव्हती, पण प्रत्येक वेळी ती व्हेरिएबल, अट आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणारी रचना) या तीन धड्यांपर्यंत येऊन पुन्हा पहिल्या पानावर जात होती. शेवटी आम्ही ठरवले की घरखर्चाची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्राम पूर्ण होईपर्यंत पायथॉन सोडायची नाही. फाइलमध्ये नोंदी साठवणे, चुकीची रक्कम टाकल्यास प्रोग्राम कोलमडू न देणे, महिन्याची बेरीज काढणे, हे सारे तिने त्या एका कामातून शिकून घेतले. त्यानंतर तिने रुबी हाती घेतली, तेव्हा पंधरा भागिले दोनचे उत्तर सात आलेले पाहून ती गोंधळली नाही. असे का होते, हे तिने स्वतःच शोधून मला सांगितले.

आपल्याला विनंती एवढीच की, कोणत्या भाषेला किती पगार मिळतो याच्या क्रमवाऱ्या छापताना त्याच पानावर थोडी जागा नवशिक्याने पूर्ण करावयाच्या एखाद्या छोट्या प्रोग्रामसाठीही ठेवावी. तो प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहायचा, हे वाचकावर सोडावे; फक्त तो एकाच भाषेत शेवटपर्यंत पूर्ण करावा, अशी सूचना सोबत द्यावी.

आपला नम्र,
प्रोग्रामिंग शिकवणारा एक वाचक